दामूकाकांच्या होड्या

पहिल्याच भेटीत दामूकाकांनी मला सांगितलं, की त्या दिवशी दुपारी डहाणूच्या खाडीतून एक म्हैस होडीत बसून गेली.

"बसून?" मी विचारलं.

"नाही, उभीच होती. बसायला जागा कुठे होती? खोटं वाटेल सर, पण आहे."

ही गोष्ट २०१४ची. मी जालन्याकडून इथल्या शाळेत भूगोल शिकवायला आलो होतो. भरती-ओहोटी मी दहा वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवली होती. इथे पहिल्याच संध्याकाळी चपला वाळूत काढून फिरायला गेलो आणि परत आलो, तर चपलांच्या जागी समुद्र होता. मी अनवाणी उभा होतो. तेव्हा बंधाऱ्यावर बसलेल्या ज्या गृहस्थांनी मला शेजारी बसवून घेतलं, ते दामूकाका. म्हशीची बातमी त्यांनी बहुधा सांत्वन म्हणून दिली असावी.

काकांची गावाबाहेर चिकूची वाडी. वय सत्तरीच्या पुढे. रोज चारला सायकल सुरूच्या झाडाला टेकवायची, बंधाऱ्यावर बसायचं आणि सातला उठायचं, हा त्यांचा नेम. त्याच बंधाऱ्यावर, त्याच वेळी मीही बसायचो. मला दिसायची मासेमारीची होडी, जाळी, टोपल्या आणि फार तर एखादा बगळा. काकांना मात्र त्याच पाण्यावर आरशाचं लोखंडी कपाट दिसे. नवऱ्यावर रुसून पाठमोरी बसलेली नवरी दिसे. एकदा तर त्यांना नुसत्या खुर्च्यांनी भरलेली होडी दिसली.

"आणि नाखवा?"

"तो उभा. खुर्च्या भाड्याच्या होत्या ना."

तीन वर्षं मी हे ऐकून घेतलं. मग माझ्यातला शिक्षक जागा झाला, आणि तो जागा झाला की माझं हमखास वाटोळं होतं. एका रविवारी काकांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, की काल संध्याकाळी झाई गावाकडून एक होडी आली, तिच्यात अख्खा बँड होता आणि ढोलवाला भिजू नये म्हणून त्याला मधे बसवलं होतं. टपरीवर सात-आठ माणसं होती. मी घसा साफ केला.

"काका, काल मी चार ते सात तुमच्या शेजारीच होतो. एकही होडी आली नाही. ओहोटी होती. खाडीत गुडघाभर पाणी नव्हतं."

ओहोटी हा शब्द मी जरा जोर देऊनच उच्चारला. सगळे हसले. काकाही हसले. "असेल सर. डोळे गेले माझे," म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून सायकलवर बसले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पुढचे आठ दिवस आले नाहीत. बंधारा सगळा माझाच होता आणि समुद्रात अगदी शास्त्रशुद्ध पाणी होतं. एवढं कंटाळवाणं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी माफी मागायला निघालो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाजारातून किलोभर चिकू घेतले. चिकूच्या वाडीत चिकू घेऊन जाणारा मी पहिलाच माणूस असेन. काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती माझ्या हातातून घेतली.

आतल्या खोलीत खिडकीशी काकी पलंगावर होत्या. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या चार वर्षं उठलेल्या नव्हत्या. खिडकीतून फक्त झाडं दिसत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण तीन वर्षांत मी काकांना त्यांच्या घराबद्दल कधी विचारलंच नव्हतं.

"सर, बसा ना," काकी म्हणाल्या. "माझं माहेर झाईचं. दारातच समुद्र. हे रोज येऊन सांगतात, काय काय आलं ते. आता आठ दिवस झाले, म्हणतात काहीच येत नाही. असं कसं होईल? तुम्ही तर रोज जाता. काल काय आलं?"

काका दारात उभे होते. ते जमिनीकडे बघत होते.

"काल," मी म्हणालो, "एक होडी आली."

"कसली?"

"लाकडी." मी रुमालाने कपाळ पुसलं. "तिच्यात फळा होता."

"शाळेचा?"

"हो. काळा. तिघांनी धरला होता."

"एवढ्या वाऱ्यात?"

मी दाराकडे पाहिलं.

"वाऱ्याचीच तर गंमत झाली," दारातून काका म्हणाले. "फळ्यात शिडासारखा वारा भरला, नि होडी पळाली. वल्हवणारे नुसते बघत बसले."

काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका पाणी आणायला स्वयंपाकघरात धावले. तेवढ्यात काकींनी मला जवळ बोलावलं.

"सर, तुम्हाला अजून नीट जमत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्या शेजारी बसत जा. शिकाल. आणि मला कळतं, हे त्यांना सांगू नका."

निघताना काका फाटकापर्यंत सोडायला आले. बराच वेळ कडीशी चाळा करत राहिले.

"तिला खरं वाटलं ना हो?" त्यांनी विचारलं.

"वाटलं," मी म्हणालो.

त्या दिवसातलं हे माझं दुसरं खोटं. ते मात्र एका दमात, चोख निघालं.