मामाची एकोणीस फुटी गाडी

जितेंद्रने सकाळपासून दहाव्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा नऊ एकोणतीस झाले होते आणि अकराव्यांदा पाहिलं तेव्हा साडेनऊ. मुहूर्त होता अकरा अठ्ठेचाळीसचा. निर्मळ गावातल्या घरापासून होळी नावाच्या नाक्यापुढच्या हॉलपर्यंत गाडीने फार तर अर्धा तास. पण जितेंद्र पडला नवरीचा मामा. नवरीला वेळेवर बोहल्यावर आणून उभं करणं हे मामाचं काम, एरवी लग्नात मामाला विचारतो कोण? त्यात मुंबईच्या ऑफिसात आयुष्य गेलेल्या या मामाला निर्मळच्या वाडीवाल्यांमध्ये कुणी फारसं मोजत नसे. म्हणून या वेळी त्याने भाचीसाठी, हेमालीसाठी, गाडी आणली होती.

गाडी म्हणजे १९५८ सालची वेल्बोर्न लिमोझिन. मालक गॉडफ्रे, राहणार नंदाखाल. त्याच्या बापाने ती कुणा संस्थानिकाकडून भंगाराच्या भावात उचलली आणि पुढे तीस वर्षं ती नारळाच्या वाडीत ताडपत्रीखाली पडून राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. गॉडफ्रे आखातातली नोकरी संपवून आला आणि अकरा वर्षं खपून त्याने तिला उभी केली. जितेंद्र विरारच्या फ्लॅटमधून तीन रविवार तिला बघायला गेला आणि तिचा इतिहास पाठ करून आला. आता मांडवात जो सापडेल त्याला धरून तो सांगत सुटला होता. सांगाडा लाकडाचा, वरचा पत्रा कारागिरांनी हाताने ठोकलेला. लांबी एकोणीस फूट. आठ सिलिंडरचं इंजिन, चालू असताना वर रुपयाचं नाणं उभं ठेवा, पडणार नाही. ड्रायव्हर आणि मालकाच्या मध्ये काच, कारण राजाचं बोलणं ड्रायव्हरने ऐकायचं नसतं. मागची दारं उलटी उघडणारी आणि चांगली ऐसपैस, राणीसाहेबांना पायघोळ झगा सांभाळत उतरता यावं म्हणून. एका चुलत्याने मध्येच विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" त्यानंतर जितेंद्र त्या चुलत्याशी दिवसभर बोलला नाही.

गाडीबद्दल चकार शब्द न काढणारा एकच माणूस होता, तो म्हणजे हेमालीचे वडील हरिश्चंद्र, जितेंद्रचे दाजी. मेव्हण्याचा हा थाट त्यांना झेपत नव्हता, पण ते बोलायचे नाहीत. पस्तीस वर्षं त्यांच्या वाडीतल्या फुलांनी दुसऱ्यांच्या लेकींच्या गाड्या सजल्या होत्या. आज ते पहाटेपासून मोगरा, झेंडू आणि सोनचाफा घेऊन आपल्या लेकीच्या गाडीपुढे बसले होते. गाडीच्या पुढच्या उभ्या चकचकीत जाळीवर त्यांनी फुलांची अशी गच्च चादर विणली, की त्यातून करंगळीही आत जाणार नाही.

गॉडफ्रेने ते पाहिलं आणि जितेंद्रला बाजूला घेतलं. "मामा, बाकी कुठे पण फुलं लावा, जाळी मोकळी ठेवा. तिच्या मागे रेडिएटर आहे. हवा तिथूनच जाते."

जितेंद्र तसं सांगायला दाजींकडे गेला. दाजी गुडघे टेकून शेवटचा चाफा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "हेमू दहावीला होती तेव्हापासून मनात होतं. हिच्या गाडीला असं करायचं."

आता सांगणार काय, कपाळ? जितेंद्र आल्या पावली परत गेला आणि गॉडफ्रेला म्हणाला, सहा-सात किलोमीटरचा तर प्रश्न आहे, काय होतंय एवढ्यात. गॉडफ्रेने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

साडेदहाला गाडी निघाली. हेमाली शालू सावरत मागच्या गादीवर बसली आणि जितेंद्र तिच्यासमोरच्या घडीच्या खुर्चीवर. तिथून घड्याळावर ऊन पडतं म्हणून तो दुसऱ्या खुर्चीवर गेला, तिथून रस्ता दिसत नाही म्हणून पुन्हा पहिल्या. मोठा रस्ता पाइप घालायला अर्धा खणून ठेवलेला. दोनशे पावलं गेल्यावर जी गर्दी लागली, त्यात वेल्बोर्न वीस मिनिटं जागच्या जागी उभी. जितेंद्रला ते सोसवेना. मधली काच खाली करून तो म्हणाला, डावीकडच्या वाड्यांमधून आतला रस्ता जातो, घाला तिकडे.

"मामा, ही गाडी राजवाड्याच्या रस्त्यासाठी बनवली आहे," गॉडफ्रे म्हणाला.

"रुंदी साडेसहा फूट ना? रस्ता आठ फूट आहे. घाला."

हिशेब अगदी बरोबर होता. दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणांमधून वेल्बोर्न आत गेली, इकडे वीतभर जागा, तिकडे वीतभर. चालण्याच्या गतीने ती एका वळणापलीकडे पोहोचली. मग पुढून फुलांचा वास येऊ लागला, पण तो उकडलेल्या फुलांचा होता. गॉडफ्रेने तापमानाच्या काट्याकडे पाहून काहीतरी प्रार्थना पुटपुटली. जाळीतून पांढरी वाफ उठली, आठही सिलिंडर एकदा खोकले आणि गप्प झाले. अकरा वाजून आठ मिनिटं.

"पेट्रोलची नळीतच वाफ झाली," गॉडफ्रे म्हणाला. "आता गार होईपर्यंत ही बाई उठायची नाही. अर्धा तास धरा, पाऊण धरा."

उतरून चालत जावं म्हणून जितेंद्रने दार ढकललं. राणीसाहेबांसाठी केलेलं ते ऐसपैस दार वीतभर उघडलं आणि कुंपणाच्या दगडाला टेकलं. दुसऱ्या बाजूचंही तेच. मागून हॉर्न सुरू झाले होते आणि वळणाआड असलेला एकजण तर हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हता. जितेंद्रने खिडकीतून डोकं काढून त्याला, कुणाच्या घरचं लग्न आहे याची लाज बाळग, इथपासून सुरुवात करून बरंच काही ऐकवलं.

हेमालीने त्याला बाही धरून आत ओढलं. "मामा, गॉडफ्रे अंकलनी तुला काही सांगितलं होतं का रे? निघताना तुम्ही दोघं कुजबुजत होतात."

जितेंद्रचा चेहरा पडला. "सांगितलं होतं. फुलं काढ म्हणून. तुझ्या बाबांना बोलायची हिंमत नाही झाली गं. त्यांचे हात बघितले आणि जीभच उचलेना."

हेमाली रडते की काय या भीतीने जितेंद्रच रडायच्या बेताला आला. तिने शालूचा पदर कमरेला खोचला आणि खिडकीची काच फिरवत खाली केली. "पाय धर माझे," ती म्हणाली.

नवरी खिडकीतून कुंपणावर आणि कुंपणावरून केळीच्या वाडीत उतरली. मागोमाग मामा उतरला, म्हणजे पडला. फेटा गाडीतच राहिला. गॉडफ्रे एव्हाना आपल्या खिडकीतून निघून बॉनेटवर सरपटत जाऊन फुलं उपटत होता. त्यांनी जावं म्हणून त्याने नुसता हात हलवला.

वाडी रोझलिनची होती. ती पाणी सोडत उभी होती आणि दुधीच्या नव्या रोपांवरून दागिन्यांनी मढलेली एक बाई आणि चिखलाने माखलेला एक पुरुष येताना बघून तिने आधी तोंड सोडलं. मग जवळ येऊन निरखून पाहिलं. "हरिश्चंद्रभाऊंची पोर ना तू? आज तुझं लग्न ना गं?" पुढचं तिला सांगावं लागलं नाही. वाडीच्या पलीकडच्या टोकाला तिची स्कूटर होती.

स्कूटर चालवायला रोझलिन, मध्ये नवरी आणि मागे मामा. त्याच्या एका हातात शालूच्या निऱ्या आणि दुसऱ्या हातात हेमालीच्या मुंडावळ्या. खिशातला फोन सारखा वाजत होता, पण घेणार कुठल्या हाताने? तो फक्त, अजून जोरात, अजून जोरात, एवढंच म्हणत होता. हॉलच्या दारात स्कूटर थांबली तेव्हा अकरा छत्तीस झाले होते. बारा मिनिटं हातात. जितेंद्रला भरून आलं. गाडी गेली चुलीत, मामाने शब्द पाळला होता.

तो हेमालीचा हात धरून ताठ मानेने आत गेला. हॉलमध्ये चारशे खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एका खुर्चीवर आचारी वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने वर पाहून विचारलं, "तुम्ही दोघंच?"

फोन पुन्हा वाजला. पलीकडे बहीण सुशीला. जितेंद्रने सांगून टाकलं की नवरी वेळेत हॉलवर पोहोचली आहे, काळजी करू नये.

"हॉलवर?" सुशीला म्हणाली. "तिथे काय करतोयस तिला घेऊन? तुझी एवढी धूड गाडी आत शिरली, म्हणजे रस्ता असणारच, असं समजून सगळे मागनं शिरले. चाळीस गाड्या आहेत. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. भटजी इथे, तीनशे माणसं इथे. आणि नवरा पण इथेच. तोही त्याच मोठ्या रस्त्याने येत होता, तुमच्या मागेच शिरला प्रणव. हॉर्न वाजवून हात दुखला त्याचा, वर कोणीतरी शिव्या घातल्या म्हणतो."

जितेंद्र मटकन खुर्चीवर बसला.

सुशीला पुढे सांगत होती. मुहूर्त चुकवायचा नाही असं व्याह्यांनी ठरवलंय. शेजारी एक केळीची वाडी आहे, चांगली मोकळी जागा आहे, मंडळी कुंपणावरून उतरायला लागलीच आहेत. अक्षता तिथेच टाकायच्या. मामाने नवरीला घेऊन ताबडतोब निघावं.

सुशीला फोनवर मोठ्याने बोलत असल्यामुळे दारात उभ्या रोझलिनला सगळं ऐकू गेलं. ती पुढे आली. "कुठली वाडी? विहिरीजवळची? अगो देवा, काल दुपारी दुधी लावलाय मी तिथे." तिने पदर खोचला आणि जितेंद्रला दंडाला धरून उठवलं. "उठा. पोरी, बस माझ्या मागे. मामा, बसताय का चालत येताय?"

आठ मिनिटांत पोहोचवते, असं म्हणून तिने स्कूटर जी उडवली, ती पहिल्या वळणाला जवळजवळ आडवीच झाली. हेमाली मान मागे टाकून हसत होती. जितेंद्रने डोळे गच्च मिटून घेतले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हे शब्द निघाले, "रोझलिनबाई, जरा सावकाश."