पावती नंबर दोनशे बारा

"माझ्या हिशोबात खाडाखोड? शोधून दाखवा, मिशी उतरवतो!" असं एवेलिओ गावभर सांगत फिरायचा.

अँतिओकियाच्या डोंगरातल्या त्या गावात पंचावन्न घरांची नातियेरा होती. वर्षभर थोडं थोडं जमवायचं, डिसेंबरात वाटून घ्यायचं आणि त्याच दिवशी दूध-मक्याची नातिया कढईत रटरटवायची. एवेलिओ खजिनदार. हिशोब आता कंप्युटरवर!

जूनमध्ये एदिल्मानं ऐंशी हजार पेसो भरले. एदिल्मा त्याच्या पोरीची धर्ममाता, म्हणजे त्याची कोमाद्रे, आणि तो तिचा कोंपाद्रे. वीस वर्षांचा घरोबा. गप्पांच्या नादात त्याच्याकडून एक शून्य जास्त पडलं. आठ लाखांची पावती छापली गेली, आणि बाई ती न वाचताच घडी घालून घेऊन गेली! मागाहून चूक दिसली, तेव्हा तो नोंद खोडायला बसला. कंप्युटर म्हणाला, "पक्की नोंद खोडता येत नाही. उलट नोंद करा."

उलट नोंद! म्हणजे चुकीची ओळ तशीच राहणार आणि तिच्याखाली तेवढीच रक्कम वजा! आपल्या चुकीची आपणच वरात काढायची? त्यानं मेहुण्याला, ओविदिओला बोलावलं. त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यानं कुठूनसं आत शिरून ती ओळच उपटली. मग ऐंशी हजारांची नवी नोंद झाली. हिशोब कसा घासलेल्या परातीसारखा लख्ख! जुनी पावती? असली चिटोरी कोण जपतंय!

एदिल्मा जपत होती. बिस्किटांच्या डब्यात.

डिसेंबरचा पहिला रविवार. चर्चमधून निघून सगळे शाळेच्या पटांगणात जमले. प्रत्येकानं आपापल्या पावत्या मोठ्यानं वाचायच्या, खजिनदारानं ताडून बघायच्या, ही तिथली रीत. एदिल्मानं चष्मा चढवला.

"दोनशे बारा. आठ लाख... अगं बाई! कोंपाद्रे, मी तर ऐंशी हजारच दिले होते. हे काय हो?"

एवेलिओला घाम फुटला. "असा... असा नंबरच नाही."

खाटीक आनिबाल कंप्युटरच्या पडद्यात डोकावला. "दोनशे अकरा, दोनशे तेरा... मधला गेला कुठं? आणि आठ लाख?"

"तरीच मोटारसायकल चकाकतेय!" मागून कुणीतरी बोललं. बिचाऱ्यानं ती नुसती धुतली होती!

"पावती खोटी आहे!" एवेलिओ ओरडला. "कोमाद्रे, तुम्हीच छापून आणलीत! मला चोर ठरवायचंय तुम्हाला!"

एदिल्माचा चेहरा पांढरा पडला. आता मेहुण्याला राहवेना. "दाजींवर उगाच आळ घेऊ नका! त्यांनी काही खाल्लं नाही. ती नोंद मी माझ्या हातानं पुसलीय!"

झालं! इकडे गोंधळ, तिकडे नातिया करपली. नोटा तीनदा मोजल्या. एक पेसो कमी नाही. चोरीचा डाग गेला, पण खजिनदारी गेली. एदिल्मा डबा उचलून कधी निघून गेली, कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी एवेलिओ तिच्या दारात. "जीभ घसरली, कोमाद्रे. मी ते बोललोच नाही असं समजा. पुसून टाका."

"परत पुसायचंच?" एदिल्मा म्हणाली. "अहो, दोन्ही ओळी ठेवल्या असत्या, तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं: चुकून आले, परत गेले. रिकामी जागा दिसली, की लोक तिथं चोर बसवतात. बोललात ते राहू दे. त्याच्याखाली उलट बोला. त्याच पटांगणात, त्याच लोकांपुढं, तेवढ्याच मोठ्यानं!"

पुढच्या रविवारी तो बोलला. "माझी कोमाद्रे खरी, मी खोटा!" म्हणताना रडलाच.

"ठीक. जुळलं," एदिल्मा म्हणाली. "पहिली ओळ मात्र तिथंच राहते हं."

दर नाताळला नातियाची वाटी घेऊन ती स्वतः यायची, तासभर बसायची. यंदा वाटी त्याच्या पोरीबरोबर पाठवली. वाटीखाली चिठ्ठी होती, आता खजिनदारीण झालेल्या एदिल्माच्याच अक्षरात: "नातिया, एक वाटी, मिळाली. सही करून परत पाठवा."

एवेलिओचे डोळे भरून आले, सही वाकडी आली. त्यानं खोडायला पेन टेकवलं, दचकून उचललं, आणि खाली गुपचूप दुसरी सही केली.