आर्लीन नोवाकचा पहिला नंबर

"या वेळी मी कठड्याला! कठड्याला म्हणजे कठड्याला! माझ्या आणि स्टेजच्या मध्ये माशीसुद्धा असणार नाही!"

आर्लीन नोवाकने ही घोषणा स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून केली. तिच्या नवऱ्याने, ड्वेनने, पेपरातून डोकं न काढता "बरं" म्हटलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ड्वेनने बहुतेक सगळ्या संकटांना याच एका शब्दावर रोखून धरलं होतं.

आता या घोषणेमागचं दुःख सांगायलाच हवं. आर्लीनची उंची चार फूट अकरा इंच, आणि तीसुद्धा बूट घालून! 'कॉपर हेरन्स' या बँडवर तिचा सोळाव्या वर्षापासून जीव. त्यातही पुढे नाचणाऱ्या गायकावर वगैरे नाही, तर सगळ्यांच्या मागे बसून ड्रम बडवणाऱ्या टोबी लार्किनवर. बँड मिल्वॉकीत चार वेळा आला आणि आर्लीन चारही वेळा गेली. दर वेळी तिकीट खुर्ची नसलेलं, उभ्याचं, म्हणजे जो आधी जाईल तो पुढे! आणि तिने पाहिलं काय? पहिल्या वेळी एका गृहस्थाचं टक्कल. दुसऱ्या वेळी बापाच्या खांद्यावर बसून पॉपकॉर्न सांडणारं पोर. तिसऱ्या वेळी काउबॉय हॅट. चौथ्या वेळी दीडशे फोन!

आणि आता बँडचा शेवटचा दौरा होता. टोबीने जाहीरच करून टाकलं होतं की यापुढे काठ्या हातात धरणार नाही, मासे पकडणार. म्हणजे मार्चमधल्या त्या शनिवारी दिसला तर दिसला, नाहीतर जन्मात नाही.

"अगं, मोठ्या पडद्यावर दाखवतात की," ड्वेन म्हणाला.

"पडद्यावर पाहायचं असतं तर लग्नात मी तुझा फोटोच पाहिला नसता का? मला तो जिताजागता पाहायचाय. डोक्यापासून पायापर्यंत. एकदाच!"

"बरं," ड्वेन म्हणाला.

शनिवारी पहाटे साडेपाचला त्याने तिला अरीनाच्या दाराशी सोडलं आणि झोपायला घरी गेला. तळ्यावरून येणारा वारा कान कापून नेत होता. पण रस्ता रिकामा! दारात चिटपाखरू नाही! आर्लीनने घडीची खुर्ची उघडली, थर्मास काढला, मांडीवर घोंगडी घेतली आणि आपणच पहिल्या या आनंदात दोन डोनट खाल्ले.

सहा वाजता जांभळ्या केसांची एक मुलगी आली.

"आजी, यादी तुमच्याकडे का?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? आणि कसली यादी?"

मुलीचं नाव टेगन. तिने बिचारीने समजावून सांगितलं. दार संध्याकाळी साडेसहाला उघडणार. तोवर माणूस रांगेत पुतळ्यासारखा थोडाच उभा राहणार? म्हणून आलेल्याने यादीत नाव द्यायचं आणि हातावर मार्करने नंबर लिहून घ्यायचा. दर दोन तासांनी हजेरी. त्याला 'हजर' म्हटलं की झालं, मग कॉफीला जा, नाहीतर गाडीत जाऊन झोपा.

"आणि हजेरीला नसला तर?"

"तर नाव कट. पुन्हा शेवटून सुरुवात."

हे ऐकलं मात्र, आर्लीनच्या डोळ्यांत असं तेज आलं की टेगन एक पाऊल मागे सरकली. कारण आमची आर्लीन शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं हजेरी घेत आली होती! तीन हेडमास्तर तिला टरकून असायचे. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत हजेरी घ्यायला घरात एकटा ड्वेन, आणि तो काय, कायमच हजर!

तिने पर्स उघडली. रेघांची वही निघाली. काळा मार्कर निघाला. पट्टीसुद्धा निघाली!

"कर हात पुढे," आर्लीन म्हणाली, आणि टेगनच्या हातावर ठसठशीत एक आकडा काढला. "नंबर एक. आणि मला आजी नाही, बाई म्हणायचं."

"हो, बाई!"

मग काय विचारता! सातपर्यंत पस्तीस, नऊपर्यंत नव्वद. आर्लीनने वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिले. हजेरी चुकली, नाव कट. मैत्रिणीसाठी जागा धरायची नाही. आत कुणी कुणाला खांद्यावर घ्यायचं नाही (हा त्या पॉपकॉर्नवाल्या पोराचा सूड). आणि सर्वांत शेवटी, खाली दोन रेघा ओढून: 'हातावर नंबर नाही, त्याने रांगेच्या शेवटी.'

अकराच्या हजेरीला नंबर एक्केचाळीस गायब! नंबर कट करून आर्लीन पुढे सरकते न सरकते तोच हातात कॉफी घेऊन एक ताडमाड तरुण धापा टाकत आला. साडेसहा फूट उंच. कोल्बी त्याचं नाव.

"बाई, बाई, दोनच मिनिटं उशीर! कॉफीला रांग होती हो!"

"माझ्या शाळेतसुद्धा सगळे हेच सांगायचे."

"पण मी चार तास गाडी चालवून आलोय!"

"मग अजून चार पावलं चालायला काय झालं? नियम म्हणजे नियम. जा, मागे उभा राहा."

आणि त्याच वेळी मनात काय आलं, तर हा डोंगर आपल्या वाटेतून हलला ते किती बरं झालं!

तीन वाजता ड्वेन सँडविच घेऊन आला आणि सरळ बायकोच्या खुर्चीशेजारी उभा राहिला.

"हे काय? मागे! नवरा असलास म्हणून काय झालं? लोक काय म्हणतील?" तिने त्याच्या हातावर एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं आणि सँडविच ठेवून घेतलं.

"बरं," म्हणत ड्वेन मागे गेला.

संध्याकाळी सहाला अरीनाचे रखवालदार बाहेर आले. एवढी शिस्तीची रांग पाहून त्यांचा मुख्य, मोठ्या मिशांचा माणूस, गहिवरलाच. "बाई, असली यादी मी आजवर पाहिली नाही. आम्ही हिच्याप्रमाणेच आत सोडतो." त्याने वही हातात घेतली आणि आर्लीनला आकाश ठेंगणं झालं.

साडेसहा. दार उघडलं. मिशीवाला ओरडला, "नंबर एक!"

आर्लीन आणि टेगन दोघी पुढे झाल्या.

"हात दाखवा."

टेगनने दाखवला. आर्लीननेही दाखवला आणि स्वतःच बघत राहिली. हात कोरा. उलटा केला, तरी कोरा. दुसरा पाहिला, तोही कोरा!

अहो, चौतीस वर्षं जिने हजेरी घेतली, तिने हजेरीपटात स्वतःचं नाव कधी लिहिलं होतं? कधीच नाही! हजेरी म्हणजे दुसऱ्यांची! सकाळपासून तिने दोनशे त्रेसष्ट माणसांचे हात काळे केले होते आणि स्वतःचा तेवढा विसरली होती!

"अहो, मी यादीवाली! यादी माझी आहे!"

"यादी तुमची, ते खरं. पण यादीत तुम्ही नाही."

"मी हिच्या आधीपासून इथे आहे! विचारा हिला!"

"खरंच हो, होत्या!" टेगन रडकुंडीला आली.

मिशीवाल्याने वहीचं पहिलं पान उघडून हळूच तिच्यापुढे धरलं. "बाई, तुमच्याच अक्षरात आहे. खाली दोन रेघा पण आहेत."

आर्लीनने घाईघाईने पर्समधून मार्कर काढला आणि हातावर भलंमोठं शून्य काढायला घेतलं. मागून लगेच आरडाओरडा! "ए, हे चालणार नाही! आमची नावं कापता, आणि स्वतः?" मार्कर गुपचूप पर्समध्ये गेला.

मग निघाली बिचारी. एका काखेत खुर्ची, दुसऱ्या काखेत घोंगडी, आणि बाजूला दोनशे त्रेसष्ट जोड डोळे. एकशे अठ्ठ्याऐंशीपाशी ड्वेनने तिची बाही ओढली. "ये की, माझ्यापुढे घुस. कोण बघतंय?"

"सगळे बघतायत!" ती कुजबुजली. दिवसभरात मध्ये घुसणाऱ्या तिघांना तिने स्वतः कान धरून काढलं होतं. ड्वेनला तेवढी खुर्ची-घोंगडी गाडीत टाकून यायला सांगितलं आणि ती पुढे चालू लागली. पुढे म्हणजे मागे!

रांगेच्या शेवटी कोण उभं होतं? नंबर दोनशे त्रेसष्ट, पाचच्या हजेरीलाही कट झालेला. साडेसहा फूट.

"या बाई, या," कोल्बी अगदी अदबीने म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

आत गेल्यावर काय झालं असेल ते सांगायला नकोच. दिवे गेले, गर्दी उसळली, ड्रमवर पहिली थाप पडली, आणि आर्लीनला दिसलं कोल्बीचं निळं जाकीट! डावीकडे सरकावं तर जाकीट डावीकडे. उजवीकडे सरकावं तर तेही उजवीकडे. दोन गाणी झाली. जाकिटाच्या पाठीवर किती टाके आहेत हे तिला पाठ झालं. आणि मग इतक्या वर्षांचं सगळं एकदम दाटून आलं आणि ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

कोल्बीने वळून पाहिलं. आता हा पोरगा उंच असला तरी आमच्या विस्कॉन्सिनचाच. म्हातारं माणूस आपल्यामागे रडतंय हे त्याला कसं सहन व्हावं?

"अहो, रडता काय बाई! चला माझ्यामागून." आणि त्याने छाती भरून आरोळी ठोकली, "बाजू! बाजू! हजेरीवाल्या बाई येतायत!"

आश्चर्य बघा, गर्दी खरंच फाटली! दिवसभर सहा वेळा 'हजर' म्हणून त्यांच्या अंगात धाकच मुरला होता. "या बाई." "सांभाळून बाई." "बाई, मी नव्वद, मला ओळखलंत?" आर्लीन डोळे पुसत पुढे जात होती आणि जाता जाता सवयीने म्हणत होती, "एकशे दोन, सरळ उभा राहा!" आणि एकशे दोन सरळ उभा राहत होता! शेवटी टेगनने आपल्या शेजारी जागा केली आणि आर्लीनचे दोन्ही हात लोखंडी कठड्यावर पडले.

कठडा! तिच्या आणि स्टेजच्या मध्ये कुणी नाही! माशीसुद्धा नाही!

तिने मान वर केली. समोर सहा फूट उंच लाकडी भिंत होती. ती स्टेजची! भिंतीवर काळे स्पीकर मांडलेले. त्यांच्या फटीतून गायकाचे बूट दिसत होते, आणि तो पुढे वाकला की त्याच्या नाकपुड्या. ड्रम तर पार मागे. तिकडून अधूनमधून फक्त दोन काठ्यांची टोकं वर यायची आणि लगेच खाली जायची.

"दिसतंय ना, बाई?" टेगनने प्रेमाने विचारलं.

"दिसतंय हो! अगदी छान!"

"बाईंना दिसतंय ना?" कोल्बी मागून ओरडला.

"दिसतंय! दिसतंय!"

दुसरं सांगणार काय? एवढ्या लोकांनी मन मोठं करून पुढे आणलेलं! आता परत मागे जाऊ द्या म्हणायचं? दीड तास ती बूट, नाकपुड्या आणि काठ्यांची टोकं यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. आणि गंमत म्हणजे मागे उभ्या असलेल्या कोल्बीला तिच्या डोक्यावरून सगळं स्वच्छ दिसत होतं!

मग एकदम काळोख झाला. पुन्हा उजेड पडला तो मागे, अरीनाच्या पार दुसऱ्या टोकाला! तिथे जमिनीवर एक चिमुकलं स्टेज होतं, त्यावर चिमुकले ड्रम, आणि शेवटची चार गाणी बँड तिथून वाजवणार होता. सगळी गर्दी गर्रकन वळली. आर्लीनही वळली.

पुढे निळं जाकीट!

"बाई, खांद्यावर घेऊ का?" कोल्बीने विचारलं.

नियम तिनेच लिहिला होता. पण माणसाने किती सोसावं? "घे!" ती म्हणाली. कोल्बीने तिला उचललं, ती वर वर गेली, सगळ्या डोक्यांच्या वर आली, आणि तोच तिच्या डोळ्यांवर लख्ख टॉर्च पडला. "खांद्यावरच्या बाई, खाली उतरा!" मिशीवाला होता. त्याच्या दुसऱ्या हातात वही होती. आर्लीन खाली आली. पुढची चारही गाणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त हिरवे ठिपके नाचत होते, आणि गाणी संपताच बँड मागच्या मागे निघूनही गेला.

ड्वेन गाडीपाशी उभा होता. तोंडाला चीज लागलेलं.

"तू कुठे होतास रे?"

"मागे. पुढे फार धक्काबुक्की गं. मागे काळं कापड घातलेलं एक टेबल होतं, त्याला टेकून खात होतो. मग लोक आले, कापड काढलं, तर ते स्टेजच निघालं! माझी खाण्याची पुडी त्यावरच. तो तुझा ड्रमवाला येऊन बसला आणि म्हणाला, एक घेऊ का? मी म्हटलं, घ्या की."

आर्लीनने बारीक आवाजात विचारलं, "कसा दिसतो रे तो? डोक्यापासून पायापर्यंत?"

ड्वेनने विचार केला. "डोक्यापासून पायापर्यंत म्हणशील, तर फार काही नाही. बुटका आहे गं! गाणी संपल्यावर उठला, तरी मला वाटलं अजून बसलाच आहे."

"म्हणजे माझ्याएवढा?"

"छे! तुझ्याहून दोन बोटं कमीच." ड्वेनने गाडीचं दार उघडून धरलं. "तू नुसती त्याच्या मागे उभी राहिली असतीस ना आर्लीन, तर तुला पूर्ण कार्यक्रम दिसला असता!"