शनीची कडी आणि ढगळ स्वेटर

विज्ञान वस्तुनिष्ठ असते. प्रेक्षक मात्र ते बघताना जेवत असतात. हे ध्यानात घेऊनच वाहिनीने लोकमत विभाग स्थापन केला होता, आणि विज्ञानमालेच्या निर्मातीबाईंचा जीव त्या विभागाच्या मुठीत होता. समाधानाचा टक्का पन्नासाच्या वर गेला नाही, तर मालिका बंद करून त्या जागी घर आवरण्याचा कार्यक्रम सुरू होणार होता.

बाईंचं मालिकेवर पोटच्या पोरासारखं प्रेम. म्हणून त्यांनी प्रत्येक मताचा मान राखला. प्रौढ म्हणाले, हे मुलांसाठी आहे. मुलं म्हणाली, हे आजोबांसाठी आहे. (आजोबांना विचारण्यात आलं; ते झोपले होते. नोंद: ‘अनुकूल’.) कृष्णविवर फारच काळं आहे अशी तक्रार येताच ते फिकट करण्यात आलं. डायनासोरांचा शेवट गोड हवा असं बहुमत पडलं. उल्का बाजूने गेली. प्रकाशाच्या वेगाने दडपण येतं म्हणून तो ‘बराच’ एवढाच ठेवला. टक्का एकोणचाळीसवरून अडतिसावर आला.

घरी सासूबाई दर भागानंतर एकच मत देत, "सगळं छान गं, पण त्या सांगणाऱ्या मुलाचा स्वेटर किती ढगळ!"

शेवटी उरला शनीचा भाग. बाईंनी इरेला पेटून तो कुणालाही न विचारता, मनासारखा केला. शनी खराखुरा, कडी खरीखुरी. प्रसारणाच्या दिवशी नेमकं यंत्र बिघडलं आणि तासभर नुसता निळा पडदा दिसत राहिला. बाईंना रडू कोसळलं.

सासूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडतेस काय, वेडाबाई? आज स्वेटर अगदी मापात होता."

मतं नेहमीप्रमाणे आली. ‘अवघड विषय सोपा केला.’ ‘समुद्राची माहिती आवडली.’ ‘निळा रंग जरा भडक.’ ‘पूर्वीची मजा राहिली नाही.’ टक्का ब्याण्णव! मालिकेला आणखी तीन वर्षं मिळाली; फक्त हाच साधेपणा पुढेही टिकवावा, असं वाहिनीच्या साहेबांनी बजावलं. शनी अजून कपाटातच आहे.

तो भाग फार सुंदर झाला होता, असं एव्हाना तुमचंही मत झालं असेल. न पाहता मत दिल्याबद्दल विभाग आपला आभारी आहे. टक्का आता त्र्याण्णव.