चहाची जागा

अकरा वाजता जुन्या इमारतींच्या खात्यातल्या बाई तपासणीला येणार होत्या, आणि साडेनऊपासून हेस्टर वडिलांच्या भिंतीसमोर उभी होती.

घर चारशे वर्षांचं, लाल विटांचं. प्रत्येक थरात एक लांब वीट, एक आखूड, पुन्हा लांब. फक्त स्वयंपाकघराबाहेर, जमिनीलगतचा हातभर तुकडा वडिलांनी परवानगी न काढता स्वतः बांधला होता. "लांब, आखूड" असं मोठ्यानं म्हणत ते विटा लावत होते. मध्येच चहाला उठले आणि परत आल्यावर पुन्हा "लांब"पासून सुरू झाले. दोन लांब विटा शेजारी शेजारी बसल्या. त्या काढायला त्यांनी साफ नकार दिला. "असू दे. ही माझी चहाची जागा."

फेब्रुवारीत ते गेले. आता घर विकायचं होतं, आणि बाईंच्या नजरेस पडला तर तो तुकडा त्या पाडायला लावणार.

"दही फास, पोरी," शेजारचे आयव्हर कुंपणावरून म्हणाले. "शेवाळ धरतं. नवी वीट जुनी दिसते."

"दीड तासात?"

"मग जरा जास्त फास."

तिनं फासलं. लाल भिंतीवर तो पांढरा तुकडा थेट रस्त्यावरून दिसू लागला. म्हणून तिनं आजूबाजूलाही फासलं. दही संपलं, तेव्हा आयव्हरनी घरातून स्ट्रॉबेरीचं आणलं. पावणेअकराला सगळी भिंत एकसारखी दिसू लागली.

मग आयव्हरचा कुत्रा डंपलिंग आला. त्याची जीभ जिथवर पोचत होती, नेमका तेवढाच वडिलांचा तुकडा होता. फाटक वाजलं तेव्हा तो तुकडा चाटूनपुसून लालभडक चमकत होता.

"दही?" बाईंनी विचारलं.

"हो."

"महिन्याला एक तरी भिंत अशी भेटते." त्या वाकल्या. "इथे दोन लांब विटा लागोपाठ कशा?"

हेस्टरनं भूकंपाची एक गोष्ट रचून ठेवली होती. तोंडातून निघालं, "तिथे बाबा चहाला उठले होते."

बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "भिंत आहे तशी नोंदवली. यापुढे परवानगीशिवाय एकही वीट हलवायची नाही. नव्या मालकानंसुद्धा."

हेस्टरनं मान हलवली. "आणि हे दही? धुऊन टाकू?"

"त्यासाठी अर्ज करावा लागेल," बाई म्हणाल्या. "कुत्र्याला लागत नाही."