मास्तरांनी नेटवर्क पास केलं

मोबाइल कंपनीची गाडी मंगळवारी सकाळी कॉलनीतलं नेटवर्क मोजायला येणार, असं पत्र आलं आणि मास्तरांनी ते तीनदा वाचलं. पत्रात काम साधं मोजणीचं होतं. पण कुणी बाहेरून वही घेऊन आलं की ती तपासणीच, हे मास्तरांच्या अंगात मुरलेलं होतं. छत्तीस वर्षं शाळेत काढली होती त्यांनी, त्यातली चौदा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. निवृत्त झाल्यावर कॉलनीने त्यांना सेक्रेटरी केलं आणि तेव्हापासून चाळीस घरांची ती कॉलनी एखाद्या मोठ्या वर्गासारखी चालत होती.

कॉलनी बंद पडलेल्या दगडखाणीच्या पायथ्याशी, चांगल्या खोलगट जागी होती. नेटवर्क तिथे यायचं म्हणजे नळाजवळच्या तिसऱ्या पायरीवर, पाण्याच्या टाकीवर आणि शेवटच्या घराच्या कुंपणाला पाठ लावून उभं राहिलं तर. त्यामुळे ज्याला त्याला बोलायला त्या तीनच ठिकाणी यावं लागे, आणि कुणाच्या जावयाचं कुठे बिनसलंय हे पाणी भरायला आलेल्या प्रत्येकाला तपशीलवार ठाऊक असे.

बाकीच्यांची ही नुसती गैरसोय होती. मास्तरांच्या घरी मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. त्यांची सून हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची नर्स. तातडीचं ऑपरेशन निघालं की घरी फोन यायचा, म्हणजे यायला हवा होता. गेल्या महिन्यात दोनदा तो आलाच नाही. मेट्रनने तिला स्पष्ट सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत घरी फोन लागला पाहिजे, नाहीतर हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला या. क्वार्टर दीड खोलीचं. मुलगा, सून आणि नात एवढी माणसं त्यात कशीबशी मावली असती. चौथं माणूस मावत नव्हतं. मास्तर म्हणाले, नोकरी आधी, खुशाल जा. त्यानंतर दोन दिवस जेवणात मीठ आहे की नाही हे त्यांना कळलं नाही.

म्हणून तर ही गाडी येतेय म्हटल्यावर मास्तर कंबर कसून तयारीला लागले. रविवारी त्यांनी टाकीखाली सभा घेतली. त्यांचा अनुभव असा होता, की नवं वाचनालय, नवी बाकं, नवा नळ, जे काही मिळतं ते नीटनेटक्या शाळेला मिळतं. रडक्या शाळेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तेव्हा कुणीही गाऱ्हाणं सांगायचं नाही. कुंपणं छाटायची, रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायचा, फोन चार्ज करून ठेवायचे आणि ज्यांचे फोन जुनाट आहेत त्यांनी त्या दिवशी घरातच बसायचं. सभेत एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मास्तरांपुढे बोलणार कोण.

सभा संपल्यावर त्यांनी वायरमनला बाजूला घेतलं. कॉलनीतल्या साऱ्या तारा, पंखे आणि पंप याच्याच हातचे. मास्तरांनी त्याला एवढंच सांगितलं, की त्या दिवशी नेटवर्कने आपली लाज काढता कामा नये, बघ काय करता येतं ते. वायरमन मास्तरांचाच विद्यार्थी. सातवीत तीनदा बसला होता, पण मास्तरांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही. एका तळघरातल्या दुकानाचा बूस्टर त्याच्याकडे दुरुस्तीला आला होता. जे काही थोडं नेटवर्क हवेत असेल ते ओढून घ्यायचं आणि फुगवून सोडून द्यायचं, हे त्या डब्याचं काम. त्याने सोमवारी तो डबा दुरुस्त केला आणि टाकीवर चढवून चालू करून ठेवला.

मंगळवारी गाडी आली. टपावर अँटेना, मागे एका चौकटीत अडकवलेले चार फोन आणि लॅपटॉप मांडीवर घेतलेली कंपनीची इंजिनिअर मुलगी. फोन आपले आपणच लागत होते आणि कट होत होते. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले आणि गाडी कुठून न्यायची ते ड्रायव्हरला सांगू लागले. नळ, टाकी, शेवटचं कुंपण, पुन्हा टाकी. खाणीकडच्या घरांची गल्ली त्यांनी शिताफीने टाळली. शाळेत अधिकारी आले की कच्च्या मुलांना मागच्या खोलीत चित्रं काढायला बसवायचं, तसंच अगदी.

"या ठिपक्यांचं काय असतं?" त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

"हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे वाईट," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे सगळं हिरवंच दिसतंय, काका. मला वाटलं नव्हतं."

"सगळं?"

"जवळजवळ शंभर टक्के."

मास्तरांना निवृत्तीच्या समारंभातही एवढा आनंद झाला नव्हता. त्यांनी गाडी नजरेआड होईपर्यंत हात हलवला आणि मग घरोघर जाऊन निकाल सांगितला.

संध्याकाळी सून ड्युटीवरून आली. मास्तरांनी तिला दारातच गाठून, चप्पल काढायच्या आत, हिरव्या ठिपक्यांची हकिकत सांगितली. ती तशीच उंबऱ्यावर बसली.

"बाबा, इथे नेटवर्क कुठे नाही, हेच बघायला ते आले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "लाल यायला हवं होतं."

छत्तीस वर्षांत नापास होणं हे कुणाच्या फायद्याचं असू शकतं, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नव्हता. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. आपल्या कॉलनीतील नेटवर्क उत्तम असल्याने तेथे काहीही करण्याची आवश्यकता नाही, अभिनंदन. सभेत ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या त्यांना आता तोंड फुटलं. मास्तर दोन दिवस नळाकडे फिरकले नाहीत.

तरी एक समाधान होतं. वायरमनचा डबा अजून टाकीवर चालूच होता आणि घराघरांत फोन वाजत होते. सुनेचा फोन चक्क स्वयंपाकघरात वाजला, तेव्हा मास्तर मुद्दाम उठून बघायला गेले. मेट्रनला फोन लागल्याशी मतलब, तो कशाने लागतो हे ती कशाला विचारतेय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सुनेला हे फारसं पटलं नव्हतं, पण सामान बांधायचं तिनेही लांबणीवर टाकलं.

आठवड्याने ती घरी आली ती वैतागून. हॉस्पिटल टेकडीच्या पलीकडेच, पण रस्त्याने वळसा घालून अर्ध्या तासावर. तिथे कधी नव्हे ती फोनची बोंब सुरू झाली होती. बोलता बोलता आवाज तुटत होता, डॉक्टर एकेका खिडकीत जाऊन ओरडत होते आणि मेट्रन गच्चीवर टेबल टाकून बसली होती. काल रात्रपाळीची नर्स हवी म्हणून तिने सुनेला सहा वेळा फोन लावला. इकडे घरात नेटवर्क होतं, पण तिकडून फोनच बाहेर पडत नव्हता.

"कधीपासून आहे हे?" मास्तरांनी विचारलं.

"सोमवारपासून म्हणतात. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या."

मास्तरांनी बोटांवर दिवस मोजले. त्याच सोमवारी डबा टाकीवर चढला होता.

दुसऱ्या दिवशी ते वायरमनकडे निघाले, तर त्यांच्या आधी कंपनीची गाडी कॉलनीत येऊन उभी. तीच मुलगी. या खेपेला तिच्या हातात माशाच्या काट्यासारखा एक अँटेना होता आणि ती तो चारी दिशांना फिरवत पायी चालली होती. टेकडीपलीकडच्या टॉवरवर कुठून तरी फुगवलेल्या सिग्नलचा गोंगाट येतोय आणि त्यात तिथल्या लोकांचे फोन बुडतायत, तो कुठून येतो हे शोधायला निघाली होती. बघता बघता ती टाकीखाली येऊन थांबली आणि तिने वर पाहिलं. रविवार होता. अर्धी कॉलनी गोळा झाली, सूनही आली.

वायरमन पुढे सरसावला आणि म्हणाला, की तो डबा पाण्याची पातळी मोजायचा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी एका मताने काही न करणारी कॉलनी त्या क्षणी मास्तरांच्या पाठीशी उभी राहिली होती. मास्तरांनी गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं.

"तो खोटं बोलतोय, आणि ते माझ्यासाठी," मास्तर म्हणाले. "डबा मी लावायला सांगितला. आणि गाडी मी फक्त चांगल्या जागांवरून फिरवली. मी शाळेतही हेच करायचो. तपासणी आली की कच्ची मुलं मागच्या खोलीत. ती कच्चीच राहिली, मॅडम. त्यांच्यासाठी कुणी काही पाठवलं नाही, कारण ती आहेत हे मी कुणाला कळूच दिलं नाही." "माझी सून इथून जाईल म्हणून मी घाबरलो होतो. माझी नातही जाईल. दुसरं काही नाही."

सुनेने पदर सारखा केला आणि ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. वायरमन टाकीवर चढला आणि त्याने डबा बंद केला.

मुलगी चिडेल असं सर्वांना वाटलं होतं. ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली आणि तिने विचारलं, की समोर खाणीच्या कडेवर तो मनोरा दिसतोय, तो कुणाचा आहे हे माहीत आहे का. दोन वर्षांपासून तिथे एक बंद मनोरा उभा होता आणि त्यावर कावळे बसत, एवढंच कॉलनीला माहीत होतं.

मग तिने समजावून सांगितलं. प्रत्येक कंपनी सगळे टॉवर स्वतः बांधते असं नाही. कुणी दुसऱ्याच्या टॉवरवर जागा भाड्याने घेतं, कुणी आख्खी छोटी कंपनीच विकत घेतं. तो मनोरा अशाच एका छोट्या कंपनीचा. ती या मुलीच्या कंपनीने विकत घेतली आणि तिच्यासोबत असे साठ मनोरे पदरात पडले. आता गाड्या फिरतायत त्या यासाठी, की कुठला मनोरा चालू करायचा आणि कुठला पाडायचा.

"म्हणजे दुसऱ्याची वही विकत घ्यायची आणि त्यातली आपल्या कामाची पानं ठेवायची," मास्तर म्हणाले.

"तसंच म्हणा. आणि तुमच्याकडे सगळं हिरवं आलं, म्हणून हा पाडायच्या यादीत गेला. गुरुवारी माणसं येणार आहेत, कटर घेऊन."

मास्तरांना आता दम निघेना. त्यांनी तिला गाडीत बसवलं, स्वतः पुढे बसले आणि ड्रायव्हरला थेट खाणीकडच्या गल्लीत घ्यायला सांगितलं. तिथून घळीत, तिथून पंपघरामागे, जिथे वारासुद्धा पोचत नाही तिथे. गाडी जिथे जाईना तिथे चौकटीतले फोन काढून वायरमनने हातात धरले. शेवटी मास्तरांनी तिला आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि सुनेचा फोन जिथे वाजत नाही तो ओटा दाखवला.

"किती नापास?" त्यांनी विचारलं.

"सगळे," मुलगी म्हणाली.

चाळीस घरांत त्या संध्याकाळी जो आनंद झाला, तो पाहून बाहेरचा माणूस चक्रावला असता. मुलीने लाल ठिपक्यांचा नकाशा त्याच दिवशी पाठवला, सोबत पहिली मोजणी चुकीची होती असंही लिहिलं. त्याची एक प्रत सुनेने मेट्रनच्या टेबलावर ठेवली. हॉस्पिटलमधले फोन पूर्ववत झाल्यामुळे मेट्रन गच्चीवरून खाली आली होती आणि तिचा पाराही थोडा उतरला होता. तिने तीन आठवड्यांची मुदत वाढवून दिली. गुरुवारी माणसं आली ती कटरऐवजी नवे अँटेना घेऊन. अठराव्या दिवशी स्वयंपाकघरात, ओट्यावर, फोन वाजला. हॉस्पिटलचाच होता. सून पाच मिनिटांत बाहेर पडली आणि मास्तर दारात उभे राहून ती गेलेल्या रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. क्वार्टरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

फोन मात्र वाजतच राहिला. आता ती कुठेही असली तरी सापडते, हे हॉस्पिटलच्या लक्षात आलं होतं. बदलीची नर्स हजर असली तरी कपाटाची किल्ली कुठे, अमकी कात्री कुठल्या ट्रेमध्ये, असं विचारायला सुट्टीच्या दिवशीही फोन येऊ लागले. फोन न उचलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तीन आठवडे तिने सलग दोन तास झोप घेतली नव्हती, आणि मास्तर ते बघत होते.

एका सुट्टीच्या दुपारी कंपनीची मुलगी शेवटच्या मोजणीला आली. कॉलनी हिरवीगार होती, या खेपेला खरोखरची. सगळीकडे फिरून ती मास्तरांच्या घरी आली, तिने चहा घेतला आणि जाता जाता विचारलं, "काका, घरात कुठे लाल राहिलंय का? असेल तर सांगा, आत एक छोटं यंत्र बसवून देते."

मास्तरांनी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना खाणीच्या दगडाच्या जाड भिंती होत्या. सुनेने ती जागा चारच दिवसांपूर्वी शोधून काढली होती. आत्ता दार लोटून, गाद्यांच्या ढिगाला टेकून ती गाढ झोपली होती आणि उशाशी तिचा फोन निमूट पडला होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "सगळे पास."

आणि पाहुणीच्या पावलांचा आवाज नको म्हणून त्यांनी तिला मागच्या दाराने गाडीपर्यंत पोचवलं.