गुणाजीची स्वतःची रेकॉर्ड

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक खवल्या मांजर राहत होतं. त्याचं नाव गुणाजी. देवाने वारुळं उकरायला दिलेल्या लांब नखांनी तो गिटार वाजवायचा. अशी वाजवायचा, की मुंग्या पळायचं विसरायच्या. त्यामुळे जेवणाचीही सोय व्हायची.

तेव्हा जंगलात रानगाण्यांची हवा होती. हरवलेली म्हैस, सोडून गेलेली बायको, लांबचा रस्ता, असली गाणी. सगळ्यात मोठा गायक मोर, पिसारेराव. मोराचा आवाज कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून गुहेतल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग असलं, की आधी गुणाजीला निरोप जायचा. पिसारेरावांचा सूर घसरला, की गुणाजीची गिटार तो अलगद झेलायची. रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र पिसारा एवढा मोठा छापत, की दुसऱ्या कुणाच्या नावाला जागाच उरत नसे.

"अहो," एकदा बायको सुभद्रा म्हणाली, "तुम्ही गुहेत झोपायला जाता, असं शेजारीण समजते."

हे गुणाजीच्या मनाला लागलं. त्याने स्वतःची रेकॉर्ड काढली. नुसती गिटार. कव्हरवर ठळक नाव, नावाखाली फोटो.

सगळं जंगल ऐकायला जमलं. रेकॉर्ड संपली, आणि सगळ्यांनी समीक्षक बगळ्याकडे पाहिलं.

बगळ्याने एक पाय वर घेतला. डोळे मिटले.

"वादन बरं आहे," तो म्हणाला. "पण पिसारेरावांच्या गाण्यांत जी गिटार ऐकू येते, तिची ही हुबेहूब नक्कल!"

"अहो, ती गिटार मीच वाजवलीय!"

"सगळे नकलाकार असंच म्हणतात."

जंगल खो खो हसलं. गुणाजीने लाजेने अंगाचा गोळा केला.

पिसारेराव तसे मोठ्या मनाचे. पुढे येऊन म्हणाले, "गुणाजी, उलगड बाबा. मी तुला माफ केलं. उद्या गुहेत ये. फक्त ही नकली गिटार नको, आपली नेहमीची वाजव."

गुणाजी गेला. जाणार नाही तर काय करणार? चालही गोड होती. त्याने इतकं सुंदर वाजवलं, की स्वतःचा आवाज ऐकून पिसारेरावांना रडू आलं.

तात्पर्य: नक्कल करायचीच असेल, तर दुसऱ्याची करावी. स्वतःची केली, की लगेच पकडले जातो.